पोवळ्याची अंगठी बोटावर स्थिर झाली, त्याची हकिकत

अंगठी बोटात फिरते असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच म्हणतो, "सोनाराकडून लहान करून घे." मलाही घरी, शाळेत, बाजारात सगळ्यांनी हेच सांगितलं. पण माझ्या अंगठीचं लहान करून भागणार नव्हतं. ते का, आणि शेवटी ती कशी स्थिर झाली, हे क्रमाने लिहून ठेवते आहे. ज्यांच्या बोटाचा सांधा बोटापेक्षा जाड आहे त्यांना याचा उपयोग होईल. पन्नाशीनंतर असे हात घरोघरी असतात.

अंगठी सासूबाईंची. त्यांच्या लग्नातली, आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्याच एका सोनाराने घडवलेली. वर लंबगोल पोवळं आणि खाली निमुळती होत गेलेली सोन्याची पट्टी. पोवळ्याचं घर खालून उघडं आहे, म्हणजे खडा कातडीला टेकावा अशी रचना. २०२५च्या फेब्रुवारीत मंगेशीची जत्रा आटोपून घरी आल्यावर त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. सोबत डबीत एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती, तिच्यावर पेन्सिलीने 'सोने ७ आणे' एवढंच लिहिलेलं. तेव्हा तोळ्याचे सोळा आणे धरत. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे सात आणे हे साधारण ५.१ ग्रॅम. ही चिठ्ठी पुढे फार कामाला आली.

उजव्या हाताच्या अनामिकेत घातली तर सांध्यावरून जरा ओढून न्यावी लागायची, आणि खाली गेली की सैल. काही मिनिटांत पोवळं करंगळीकडे कलायचं आणि थोड्या वेळाने तळहाताच्या बाजूला यायचं. नुसतं दिसायला वाईट एवढाच प्रश्न असता तर मी सोडून दिलं असतं. पण पोवळं हा मऊ खडा. खड्यांचं काठिण्य एक ते दहा आकड्यांत सांगणाऱ्या मोह्सच्या श्रेणीवर तो तीन ते चारच्या मध्ये बसतो, आणि आपल्या अंगणातल्या धुळीत असते ती गारेची वाळू सातवर. पोवळं तळहाताकडे आलं की मी टेबलावर हात टेकला तरी ते घासायचं, खोबरं किसताना, भांडी विसळताना आपटायचं. साठ वर्षं आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जपलेल्या खड्यावर माझ्या हातात महिनाभरात दोन बारीक ओरखडे आले. ते पाहिल्यावर मला रात्री झोप लागेना. काढून कपाटात ठेवते म्हटलं तर आई म्हणाल्या, "अगो, कपाटात ठेवायला मी दिली नाही. हातात घाल."

आधी आमच्याकडे सगळ्या बायका करतात तेच केलं. पट्टीच्या खालच्या अर्ध्या भागावर रेशमी दोरा घट्ट गुंडाळला आणि वर नेलपॉलिशचा हात दिला. अंगठी दुसऱ्या दिवसापासून जागेवर राहिली. पाचसहा दिवसांसाठी, लग्नकार्यासाठी हा उपाय उत्तम आहे, खर्च जवळपास शून्य. पण रोज वापरायचं तर दोरा पाणी आणि साबण धरून ठेवतो. दोनतीन आठवड्यांनी दोऱ्याखालची कातडी लाल होऊन खाजू लागली. अंगठीखाली ओल आणि साबण साचून असा त्वचेचा दाह होणं नेहमीचंच, आणि गोव्याच्या दमट हवेत तो लवकर बरा होत नाही. दोरा काढला, बोट कोरडं ठेवलं, तेव्हा कुठे खाज गेली.

मग उन्हाळा लागला, आणि एप्रिल-मे महिन्यांत अंगठी फिरायची जवळजवळ थांबली. मला वाटलं, बसली आता. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, हवा गार झाली आणि पुन्हा तेच. उकाड्यात बोटं फुगतात, गारव्यात आक्रसतात. दिवसातही सकाळची आणि संध्याकाळची मापं वेगळी येतात, खारट खाल्लं तर आणखी वेगळी. म्हणून माप घ्यायचं तर भर उन्हातून दुकानात शिरल्या शिरल्या घेऊ नका. मी घरीच चार वेगवेगळ्या वेळांना माप घेऊन वहीत लिहिलं. कागदाची चिंचोळी पट्टी बोटाभोवती गुंडाळायची, जिथे टोक येतं तिथे खूण करायची आणि मोजपट्टीवर मिलिमीटर पाहायचे. पण ते दोन ठिकाणी घ्यायचं: सांध्यावर एकदा, आणि अंगठी बसते त्या बुंध्याशी एकदा. माझा सांधा ५७ मिलिमीटर, बुंधा ५३. आपल्याकडच्या दुकानांत जो अंगठीचा नंबर सांगतात तो साधारणपणे आतल्या घेरातून चाळीस वजा केल्यावर येतो. म्हणजे सांध्याला सतरा नंबर हवा आणि बुंध्याला तेरा. सासूबाईंची अंगठी अठराची होती.

ही मापं घेऊन जूनअखेरीस बाजारात गेले. पहिल्या मोठ्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने अंगठी आत-बाहेर पाहिली, हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, नाही म्हटल्यावर परत केली. त्यांच्या दुकानाचा नियम असा की स्वतः विकलेलेच दागिने दुरुस्तीला घ्यायचे. दुसऱ्या ठिकाणी घेतली असती, पण तिथे "तीन नंबर कमी करू, दोन दिवसांत देतो," असं माझं बोट न पाहताच सांगितलं. मी अंगठी घेऊन बाहेर पडले.

इथे हॉलमार्कचं थोडं सांगते, कारण जुने दागिने असलेल्या घरांत याची उगाच भीती असते. काही अपवाद सोडले तर एप्रिल २०२३पासून दुकानदाराला सोन्याचा दागिना विकायचा तर त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक लागतो. हे बंधन विकणाऱ्यावर आहे. आपल्या घरातले जुने, बिनशिक्क्याचे दागिने आपण ठेवू शकतो, दुरुस्त करून घेऊ शकतो, विकूही शकतो. एखादं दुकान घेत नसेल तर तो त्यांचा धंद्याचा निर्णय झाला. शेजारणीने मला "आता त्या अंगठीचा काही उपयोग नाही" असं सांगितलं होतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. नव्या दागिन्यावरचा क्रमांक मात्र बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, बीआयएस केअर या अॅपवर घालून जरूर तपासा, दुकानात उभ्या उभ्या होतं.

जुलैत यांनी एका जुन्या कारागिराचं नाव काढलं. वरच्या बाजारात, जिन्याखालच्या छोट्या खोलीत बसतात, दुकानाला पाटीही नाही. सगळे त्यांना शेट म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांनी अंगठीकडे पाहण्याआधी माझा हात मागितला. मधला सांधा दोन बाजूंनी दाबून पाहिला, मग अंगठी सांध्यावरून वर-खाली केली आणि म्हणाले, "टीचर, मुदी ल्हान करूं येता, पूण मागीर ती गांठींतल्यान भायर येवची ना."

लहान केली तर सांध्यातून बाहेर येणार नाही. पाच महिन्यांत हे मला पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं. त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवलं. अंगठीला दोन कामं असतात: सांध्यावरून पार जाणं, आणि खाली गेल्यावर धरून बसणं. सांधा आणि बुंधा सारखे असतील तर एकच माप दोन्ही कामं करतं. फरक दोन मिलिमीटरपर्यंत असेल तर मधलं माप धरून भागवता येतं. माझ्यासारखा चार मिलिमीटर फरक असेल तर घेर जास्तीत जास्त एक नंबर कमी होईल, आणि अंगठी तरीही फिरेल, कारण वरचं पोवळं जड आणि खालची पट्टी पातळ. जड बाजू खाली यायला बघणार, हा वजनाचा धर्म आहे. तेव्हा घेर तसाच ठेवून आतून, तळहाताच्या बाजूने, कुठेतरी पकड द्यायला हवी.

पण त्याआधी त्यांनी मला डॉक्टरांकडे पाठवलं. "ही गाठ वाढणारी असेल तर मी आज केलेलं काम वर्षभरात फुकट," म्हणाले. सोनाराने असं सांगावं याचं मला फार अप्रूप वाटलं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी हात पाहून सांगितलं की ही वयाबरोबर येणारी सांध्याची झीज आहे. मधल्या सांध्यावर येणाऱ्या अशा टणक उंचवट्यांना बुशार्डच्या गाठी म्हणतात, नखाजवळच्या सांध्यावर आल्या तर हेबर्डनच्या. हाड जाड झालेलं असल्याने ती कमी होणार नाही आणि वाढली तरी सावकाश. त्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली, ती इथे देते: सांधा मऊ सुजलेला, लाल किंवा गरम असेल, सकाळी उठल्यावर बोटं बराच वेळ आखडत असतील, तर आधी तपासणी करून घ्या. तो वेगळा संधिवात असू शकतो, त्यावर औषध सुरू झालं की सूज उतरते आणि बोटाचं मापच बदलतं. अंगठीचं काम त्यानंतर. तपासणीची फी तीनशे रुपये झाली.

परत गेल्यावर शेटांनी सगळे पर्याय एकेक करून समजावले, आणि कुठल्याही पर्यायाची घाई केली नाही.

सगळ्यात साधा म्हणजे आतल्या बाजूला सोन्याचे दोन रवे. पोवळं बारावर धरलं तर घड्याळात पाच आणि सात वाजतात त्या जागी पट्टीला आतून दोन बारीक गोल दाणे डाक लावून, म्हणजे जोडाचा धातू वितळवून, बसवायचे. बोटाचं मांस त्या दोन दाण्यांच्या मधे थोडं दाबलं जातं आणि अंगठी फिरत नाही. दुसरा पर्याय आतून बसवायच्या कमानीचा: एक पातळ पट्टी दोन टोकांना जोडलेली, मधे मोकळी, सांध्यावरून जाताना दबते आणि खाली गेल्यावर पुन्हा उचलते. पण त्यासाठी लवचीक धातू लागतो. बावीस कॅरेट सोनं मऊ, ते दबतं आणि दबलेलंच राहतं, म्हणून कमान अठरा कॅरेटची करतात. तिसरा, पट्टीचा खालचा भाग गोल न ठेवता चौकोनी करायचा, म्हणजे दोन कोपरे बोटाच्या बाजूंना अडतात. जड खड्याच्या नव्या अंगठीसाठी हा फार चांगला, आणि नवी करवून घेणाऱ्यांनी आधीच मागून घ्यावा असा. माझ्या अंगठीत त्यासाठी जुनी पट्टी कापून नवी घालावी लागली असती, आणि जुन्या पट्टीच्या आत तिच्या कारागिराचा ठसा आहे. तो घालवायचा नव्हता. चौथा, बिजागरीची पट्टी: एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला अडकण, अंगठी उघडून बोटाभोवती मिटवायची. सांधा फारच मोठा असेल तर हाच खरा उपाय, पण काम नाजूक आणि मजुरी पंधरा हजारांच्या पुढे. पाचवा त्यांनी हसत सांगितला, बिनखर्चाचा: अंगठीच्या वर सांध्याच्या बाजूला एक घट्ट साधं वेढणं घालायचं. ते अंगठीला वर सरकू देत नाही, पण फिरणं पूर्ण थांबवत नाही.

सोन्याला हात लावण्याआधी सिलिकॉनचं वेटोळं लावून बघा, असं त्यांनीच सुचवलं. पारदर्शक, पट्टीभोवती गुंडाळायचं असतं, दीडशे रुपयांत पाकीट मिळालं. खालच्या बाजूला लावल्यावर अंगठी दिवसभर सरळ राहिली. पंधरवड्यात ते पिवळट झालं आणि त्याच्या खाली घाम साचू लागला, म्हणून कायमचं नको, पण त्यातून एक खात्री झाली: खालून पकड दिली की माझ्या बोटावर ही अंगठी थांबते. कोणताही कायमचा उपाय करण्याआधी ही चाचणी करा, असं मी प्रत्येकीला सांगते.

आता अंगठीचं सोनं किती कॅरेटचं ते कळायला हवं होतं, म्हणजे रव्यांचा रंग जुळेल आणि डाकही तशी घेता येईल. शेटांनी कसोटीवर घासून "एकवीस-बावीसच्या मधे" असं सांगितलं. मला कागद हवा होता, म्हणून बीआयएसची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात गेले. अशा केंद्रांची यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर राज्यवार मिळते. आपल्यासारख्या ग्राहकालाही तिथे थेट दागिना तपासून घेता येतो. चार वस्तूंपर्यंत शुल्क दोनशे रुपये, कर धरून दोनशे छत्तीस. एक नेली काय किंवा चार नेल्या काय, पैसे तेवढेच, म्हणून मी आईंच्या कुड्या आणि यांची साखळीही नेली. पाचपासून पुढे मात्र प्रत्येक वस्तूचे पंचेचाळीस. अर्जावर नाव, फोन, वस्तूचं वर्णन लिहायचं. समोर वजन करून घेतात, ते आकडे आपल्या प्रतीवर आहेत ना हे पाहा. क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवून तपासतात, दागिना कापत नाहीत. हे यंत्र वरचा थर वाचतं, तेव्हा जुन्या डाकेची जागा सोडून पट्टीच्या स्वच्छ भागावर तपासायला सांगा. दुपारपर्यंत अहवाल मिळाला: हजारात ८९१ भाग सोनं, म्हणजे २१.४ कॅरेटच्या आसपास.

अहवाल घेऊन शेटांकडे गेले तेव्हा श्रावण सरत आला होता आणि त्यांच्याकडे चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, कामं साचली होती. त्या वर्षी, २०२५ला, चवथ २७ ऑगस्टला होती. माझी फार इच्छा होती की चवथीला अंगठी हातात असावी, नेवऱ्या करताना नको, पण आरतीला तरी. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "घाईत पोवळं काढायचं नाही." मग त्यांनीच पितृपक्ष सुचवला. तेव्हा कोणी नवं सोनं घेत नाही, सोनारांचे हात मोकळे असतात. मला आईंची काळजी होती, म्हाळाच्या दिवसांत त्या नको म्हणतील म्हणून. त्या म्हणाल्या, "नवं कुठे घेतेस? आहे तेच नीट करून आणतेस." दुरुस्तीचं काम असेल तर हा पंधरवडा खरोखर सोयीचा. मी तिथेच स्टूल घेऊन बसले आणि सगळं काम डोळ्यांनी पाहिलं, ते गर्दीच्या दिवसांत शक्य नव्हतं.

पोवळं का काढायचं हे आधी सांगते. सोन्याला डाक लावायची तर पट्टी लालभडक तापवावी लागते. माणिक किंवा हिरा कसलेल्या हाताखाली ती आंच बऱ्याचदा सोसतो. पोवळं आणि मोती हे प्राण्यांनी बनवलेले, मुळात चुनखडी. आंच लागली की रंग उडतो, तडा जातो. आणि आंच चुकवली तरी डाक लावल्यावर पट्टी साफ करायला सौम्य आम्लात बुडवतात, त्यात पोवळं विरघळू लागतं. याच कारणाने पोवळ्याची अंगठी चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर लावून कधीही घासू नका. कोमट पाणी आणि मऊ कापड एवढंच पुरे. लेझरने डाक लावणारी यंत्रं आता मोठ्या शहरांतल्या कार्यशाळांत असतात. त्यात आंच एका ठिपक्याएवढी राहते आणि खडा जागेवर ठेवता येतो. तशी सोय जवळ असेल तर चौकशी करा. मला मात्र शेटांच्या हातावर भरवसा होता.

त्यांनी आधी अंगठीचं वजन केलं: ६.०१० ग्रॅम. मग घराची कड बारीक टोचणीने चारी बाजूंनी हळूहळू उचलली. अर्धा तास तरी लागला. खडा निघाल्यावर पुन्हा वजन: पोवळं १.०८० आणि सोनं ४.९३०. चिठ्ठीतले सात आणे म्हणजे ५.१ ग्रॅम, तेव्हा इतक्या वर्षांत सतरा-अठरा सेंटिग्रॅम सोनं झिजून गेलं होतं. शेटांनी पट्टी उजेडात धरून दाखवली, तळाशी ती कागदासारखी पातळ झालेली. म्हणूनच वरची बाजू इतकी जड पडत होती. सगळी वजनं त्यांनी पावतीवर लिहिली, पोवळ्याची पुडी बांधून त्यावर माझं नाव घातलं. मी पोवळ्याचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले, त्यावर जन्मापासून एक फिकट डाग आहे तो नीट दिसेल असे. तुमचा खडा कुठेही काढून ठेवायचा असेल तर हे दोन्ही करा. यात अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही, चांगला कारागीर स्वतःहून करतो.

रवे करायची कृती बघण्यासारखी होती. सोन्याचे दोन बारीक तुकडे कोळशावर ठेवून फुंकणीने ज्योत मारली की ते आपोआप गोल होतात. टाकणखार पाण्यात उगाळून पट्टीला लावला, डाकेचा कणभर तुकडा ठेवला, त्यावर रवा, आणि ज्योत. डाक पाझरून चकाकली की लगेच ज्योत बाजूला. जुना ठसा दोन रव्यांच्या मधे नीट राहील अशी जागा त्यांनी आधीच खुणेने ठरवली होती. रवे मुद्दाम मोठे ठेवले होते. अंगठी माझ्या बोटात घालायला लावली, काढली, कानस मारली, पुन्हा घातली. थोडं थोडं उतरवत नेलं, कारण कानसून काढलेलं सोनं परत चिकटवता येत नाही. तुम्ही रवे बसवून घेणार असाल तर "तयार करून ठेवतो, उद्या घेऊन जा" हे मान्य करू नका. शेवटची कानस बोटावर बघूनच मारायला हवी.

दुसऱ्या दिवशी खडा परत बसवून, रिठ्याच्या पाण्याने पट्टी ब्रशने घासून अंगठी हातात आली. शेवटचं सोन्याचं वजन ५.०७०, म्हणजे रवे आणि डाक मिळून १४० मिलिग्रॅम वाढले. त्या दिवशीच्या भावाने त्याचे १,४३० रुपये, सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलेलं. मजुरी खड्याच्या कामासकट ८००. बिलात सोनं आणि मजुरी वेगवेगळी लिहून घेतली.

पहिले काही दिवस रव्यांच्या जागी बोटावर दोन खळगे दिसायचे. अंगठी काढल्यावर थोड्या वेळात ते भरून आले तर ठीक. बोट बधिर वाटलं, निळसर झालं किंवा खळगा तासभर राहिला तर रवे अजून उतरवून घ्यावे लागतात. मला एकदा किंचित उतरवून घ्यावे लागले, त्याचे पैसे शेटांनी घेतले नाहीत. घालताना अंगठी थोडी तिरकी धरून आधी एक रवा सांध्यावरून न्यायचा, मग दुसरा, म्हणजे सांधा दुखत नाही. काढतानाही तसंच. रात्री मी काढून ठेवते. गरोदरपणात, प्रवासात किंवा हाताला मार लागल्यावर बोट सुजतं, तेव्हा रव्यांची अंगठी घालूच नये. अडकली तर हात थोडा वेळ डोक्याच्या वर धरायचा, गार पाणी, मग साबण.

एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. रवे तळहाताच्या बाजूने पट्टीला खाली रेटतात, त्यामुळे वरचं घर बोटाला टेकून बसतं. पूर्वी पोवळं बोटापासून जरा वर तरंगायचं, आता कातडीला लागतं. आईंनी माझा हात उलटसुलट करून पाहिला, पोवळ्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "आता कशी बसली. मंगळाचा खडा, अंगाला लागायलाच हवा." त्यांना झालेला आनंद बघून मला भरून आलं.

माझी अंगठी बघून म्हार्दोळच्या नणंदेने तिचीही काढली. तिचा सांधा ६१ आणि बुंधा ५३. शेटांनी माप घेऊन मान हलवली, एवढ्या फरकाला रवे पुरणार नाहीत. सांध्यावरून जाईल एवढी मोठी अंगठी घेतली तर खाली रवे इतके उंच करावे लागतील की ते बोटात रुततील. तिच्यासाठी बिजागरीचाच उपाय. त्यांनी मजुरी, अंदाजे लागणारं सोनं आणि मुदत कागदावर लिहून दिली आहे, अडकण सैल झाली तर वर्षभर मोफत बसवून देण्याची अटही त्यातच आहे. तिने दिवाळीनंतर काम द्यायचं ठरवलंय. तोवर ती सिलिकॉनवर भागवते आहे.